विटेच्या पोटातली रिकामी जागा

मुलांनो, आज एक कोडं घालते. दोन विटा आहेत. एक भरीव आणि जड. दुसरी आतून बारीक बारीक छिद्रांची, इतकी हलकी की पाण्यात टाकली तर तरंगते. दोन्ही विटा कडाक्याच्या थंडीच्या गावात, घराच्या भिंतीत बसवल्या. आधी कोणती फुटेल?

"छिद्रांची!" असंच म्हणालात ना? थांबा. आधी पाण्याची एक खोड समजून घेऊ.

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगतं. १०० वाट्या पाण्याचा बर्फ झाला, तर त्याला साधारण १०९ वाट्यांची जागा लागते. म्हणूनच काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये तडकते. (हे करून बघायचं नाही हं!)

आता शंभर माणसं मावतील अशी एक एसटी डोळ्यांसमोर आणा. ती खच्चून भरली आहे आणि सगळ्यांनी एकदम जाड घोंगडी पांघरली. काय होईल? दारं-खिडक्या निखळतील! पण गाडीत ९१ च माणसं असली तर? घोंगड्या पांघरूनही सगळे मावतील. काँक्रीटचंही तसंच आहे. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी जवळजवळ काठोकाठ भरलं आणि ते गोठलं, की बर्फ आतून रेटा देतो. दिवसा तो वितळतो आणि चिरांत आणखी पाणी शिरतं. रात्री पुन्हा बर्फ, पुन्हा रेटा. लडाखमध्ये हिवाळा संपता संपता असं दिवस-रात्र चालतं.

यावरचा उपाय अमेरिकेत १९३० च्या दशकात योगायोगानं सापडला. तिथले काही सिमेंटचे रस्ते थंडीत उखडत, काही मात्र टिकत. शोध घेतला तेव्हा कळलं, की टिकलेल्या रस्त्यांचं सिमेंट दळताना त्यात थोडी चरबी मिसळलेली होती. तिच्यामुळे काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे राहिले होते. पाणी गोठताना फुगलं, की त्याला या रिकाम्या बुडबुड्यांत सरकायला जागा मिळे. आज थंड देशांत असे बुडबुडे मुद्दाम सोडतात.

आता आपल्या तरंगणाऱ्या विटेकडे वळू. तिचा जन्मच थंडीच्या देशातला, स्वीडनमधला. योहान आक्सेल एरिकसन नावाच्या वास्तुविशारदानं १९२० च्या दशकात ती शोधली. लाकडासारखी ऊब देणारी, पण न जळणारी भिंत लोकांना हवी होती. तिची कृती ऐका. चुना किंवा सिमेंट, बारीक दळलेली वाळू किंवा राख आणि पाणी एकत्र कालवायचं. त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घालायची. हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात आणि मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखं फुगतं. मग तारेनं वड्या कापायच्या आणि भल्यामोठ्या प्रेशर कुकरसारख्या भट्टीत वाफवायच्या!

हे तंत्र महाराष्ट्रात आणलं ते वाई तालुक्यातल्या पसरणीचे सुपुत्र, उद्योजक बी. जी. शिर्के यांनी. स्वीडनचं 'सिपोरेक्स' त्यांनी १९७० च्या दशकात पुण्यात तयार करायला घेतलं. आजही पुष्कळ मिस्त्री अशा कुठल्याही हलक्या ब्लॉकला 'सिपोरेक्स'च म्हणतात. तिकडे ही वीट घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आपल्याकडे ती बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही. काम एकच!

मग कोड्याचं उत्तर? जिच्या पोटात रिकामी जागा उरलेली नाही, ती वीट आधी फुटेल. छिद्रांची वीट कोरडी असेल तर छिद्रं तिला वाचवतात. तीच वीट पाण्यात मुरत राहिली, तर छिद्रंच तिची वैरी होतात. म्हणून थंड देशांत या भिंतींना बाहेरून गिलावा करतात, आणि जमिनीतली ओल वर चढू देत नाहीत.

पालकांनो, चितेगावात पाणी काही गोठत नाही, तरी हा नियम आपल्याही कामाचा आहे. हे ब्लॉक भिजल्यावर फुगतात आणि सुकताना आकसतात, मग गिलाव्याला चिरा जातात. घराचं काम काढलंत तर ब्लॉक जमिनीवर न रचता फळ्यांवर रचा, आणि पावसात झाकून ठेवा.

आता प्रयोग. पैठण रस्त्यावरचं आमचं चितेगाव एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ओळखलं जायचं, तेव्हा प्रयोग फ्रिजमधलाच हवा! प्रयोगशाळेतल्या एका प्रसिद्ध चाचणीत काँक्रीटचा तुकडा उणे १८ अंशांपर्यंत गोठवतात आणि मग वितळवतात, असं ३०० वेळा! चांगला फ्रीझरही साधारण तेवढाच थंड असतो.

मिस्त्रीकाकांना विचारून फुटक्या ब्लॉकचे लिंबाएवढे दोन तुकडे आणा. त्यांची धूळ नाकात जाऊ देऊ नका. एक तुकडा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा. तो वर येत असेल तर वर वाटी ठेवून दाबा. दुसरा कोरडाच राहू द्या. आईची परवानगी घेऊन दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा आणि रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढा. ओला तुकडा पुन्हा पाण्यात, कोरडा तसाच कपाटावर. असं पंधरा दिवस करा. कडा झिजल्या का? पिशवीत चुरा पडला का? रोज वहीत लिहा.

काहीच झालं नाही तर? तेही लिहा. कदाचित तुमच्या तुकड्याच्या पोटात अजून रिकामी जागा शिल्लक असेल. ती कशी ओळखाल? विचार करा आणि मला पत्रानं कळवा बरं का!

तुमच्या,
बाई