विम्याचे त्रैराशिक

मोटारीचा वर्षभराचा विमा उतरविलेल्या गृहस्थाने सातवा महिना संपताच जुनी गाडी काढून दुसरी घेतली, की विमा कंपनीच्या कचेरीतून त्याच्या हाती एक आकडा ठेवला जातो. तो आकडा कोठून आला, याचा खुलासा त्यासोबत क्वचितच असतो. ‘संगणक एवढेच दाखवितो’, हे उत्तर आता इतके रूढ झाले आहे, की ते ऐकून निमूटपणे पैसे मोजणे हेच सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. मंडईत मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा आमचा मध्यमवर्ग येथे मात्र दोन-चार हजारांचा हिशेब विचारीत नाही. रक्कम न्यायालयात जाण्याइतकी मोठी नसते आणि विसरून जाण्याइतकी लहानही नसते. या मधल्या पट्ट्यातच हा अन्याय सुखाने नांदतो आहे.

गाडी बदलल्यावर अधिक पैसे मागणे मुळातच गैर आहे, असे आमचे म्हणणे नाही. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता तिची किंमत, वय व जात यांवर ठरतो. तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचा वा मृत्यूचा, म्हणजे कायद्याने सक्तीचा असलेला हप्ता, इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरांनुसार खासगी मोटारीसाठी हा सक्तीचा हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये असा होता. लहान गाडी देऊन मोठी घेणाऱ्याने फरक भरला पाहिजे, हे उघड आहे. तो आगाऊ भरला पाहिजे, हेही खरे. कारण पैसे हाती येईपर्यंत कंपनीने जोखीम पत्करू नये, असा १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमाचा दंडक आहे. कचेऱ्यांतून हे कलम विमेदाराच्या तोंडावर वारंवार फेकले जाते. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे, की विमापत्रातील बदलामुळे परतावा निघत असेल तर तो कंपनीने थेट विमेदारालाच द्यावा, एजंटाच्या खात्यात जमा करू नये. हा उत्तरार्ध मात्र कोणी ऐकविल्याचे आम्हांस आठवत नाही.

प्रश्न आहे तो किती द्यावयाचे हा. याचे उत्तर २००२ साली लागू झालेल्या मोटार विम्याच्या अखिल भारतीय दरपत्रकात निःसंदिग्ध शब्दांत दिलेले होते. विमा उतरविलेल्या गाडीच्या जागी त्याच वर्गातील दुसरी गाडी उरलेल्या मुदतीसाठी घालता येते, आणि हप्त्यातील फरक बदलाच्या तारखेपासून उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात घ्यावयाचा असतो. जुनी गाडी अपघातात पूर्णपणे निकामी झालेली नसेल, तर तिचा विमा अन्यत्र चालू असल्याचा पुरावा तेवढा द्यावा लागतो. १ जानेवारी २००७ पासून स्वनुकसानीचे दर मोकळे करण्यात आले; परंतु दर मोकळे झाले म्हणून प्रमाणाचा नियम मोडीत निघाला, असा अर्थ कोणी काढू नये.

हे शाळेत शिकविले जाणारे साधे त्रैराशिक आहे. समजा, जुनी गाडी १२०० सीसीची होती व नवी १६०० सीसीची आहे. स्वनुकसानीचा वार्षिक हप्ता बारा हजारांवरून पंधरा हजारांवर जातो आणि मुदत संपण्यास पाच महिने उरले आहेत. सक्तीच्या हप्त्यातील फरक वरील दरांनी ४,४८१ रुपये, त्याचे पाच महिन्यांचे १,८६७. स्वनुकसानीतील फरक ३,००० रुपये, त्याचे १,२५०. दोहोंवर अठरा टक्के जीएसटी धरला, की ३,६७८ रुपये झाले. महिन्यांऐवजी दिवस मोजले तर काही रुपयांचा फरक पडेल, एवढेच. पण हाच फरक उरलेल्या पाच महिन्यांऐवजी संपूर्ण वर्षाचा म्हणून लावला, तर ८,८२८ रुपये होतात. पाच हजारांहून अधिक रुपये असे अलगद खिशातून जातात, आणि गृहस्थ समजतो, की मोठी गाडी घेतली म्हणून विमा महागला!

याहून सूक्ष्म गोष्ट दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीची, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ची. पहिल्या निर्दोष वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास टक्के, अशी ही पायरी चढत जाते. ही सवलत स्वनुकसानीच्या हप्त्यावर असते, आणि ती गाडीची नसून माणसाची असते. दरपत्रकाची भाषाच अशी होती, की ही सवलत विमेदाराच्या मागे जाते, वाहनाच्या वा विमापत्राच्या नव्हे. पाच वर्षे सांभाळून गाडी चालविणाऱ्याने गाडी विकली म्हणून त्याचा सांभाळ विकला जात नाही. जुन्या कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतले, तर ते तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीसाठी वापरता येते. असे असूनही शोरूममध्ये नव्या गाडीबरोबर तयार विमापत्र हातात पडते, त्यात सवलतीच्या रकान्यात शून्य असते, आणि पेढे वाटण्याच्या गडबडीत तिकडे कोणाचेही लक्ष जात नाही. विमा त्याच दुकानातून घेतला पाहिजे, असे कोणतेही बंधन ग्राहकावर नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

याची दुसरी बाजू जुनी गाडी विकत घेणाऱ्याला भोगावी लागते. विमापत्र त्याच्या नावे होताना त्याला स्वतःची सवलत नसेल, तर पूर्वीच्या मालकाला दिलेली सवलत त्याच्याकडून वसूल केली जाते. तत्त्वतः ते योग्य आहे. मात्र ती वसुली उरलेल्या महिन्यांपुरतीच असावी, सबंध वर्षाची नव्हे. नवे प्रमाणपत्र देण्याचे शुल्क दरपत्रकात पन्नास रुपये होते. त्याऐवजी ‘प्रक्रिया खर्च’ या मोघम नावाखाली मोठी रक्कम मागितली जात असेल, तर ती कोणत्या अटीन्वये, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

अगदी कोरी गाडी घेणाऱ्याचा मार्ग थोडा निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या व्यक्तीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे जुने विमापत्र ओढून नव्या गाडीवर घालणे तेथे जमत नाही. जुने एक तर गाडीबरोबर जाते किंवा रद्द होते. रद्द करण्याची पूर्वीची कोष्टके विमेदारावर फार कठोर होती. आठ महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर संपूर्ण वर्षाचा हप्ता कंपनी राखून ठेवीत असे. जून २०२४ मधील आपल्या परिपत्रकाने विमा नियामक प्राधिकरणाने हे बदलले. वर्षभराच्या मुदतीत दावा केलेला नसेल, तर ग्राहकाने कारण न देता विमापत्र रद्द केले तरी उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हप्ता परत केला पाहिजे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण विमेदारास तो ठाऊकच नसेल, तर त्याचा उपयोग कोणाला?

आमच्या वर्गाची बेफिकिरीही येथे नोंदविली पाहिजे. गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, की आपली जबाबदारी संपली असे पुष्कळांना वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावयाचे असते. तिसऱ्या व्यक्तीचे संरक्षण आपोआप त्याच्याकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण कंपनीने मान्य केल्याखेरीज जात नाही. आरटीओच्या दप्तरी नाव बदलले नसेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी जुन्याच मालकाला जबाबदार धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. हप्त्याच्या फरकाबद्दल भांडणाऱ्याने आधी एवढी कागदपत्रे तरी पूर्ण केलेली असावीत.

नियामक प्राधिकरणाकडे आमची मागणी एकच आहे. गाडी बदलल्यावर कंपनी जी पुरवणी देते, तिच्यावर जुना वार्षिक हप्ता, नवा वार्षिक हप्ता, उरलेले दिवस, सवलतीची टक्केवारी, शुल्क आणि कर हे सहा आकडे छापणे सक्तीचे करावे. ज्या यंत्राला शेवटची बेरीज येते, त्याला मधल्या पायऱ्या येत नसतील, असे मानावयास आम्ही तयार नाही. शाळेत नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला रीत दाखविल्याशिवाय गुण मिळत नाहीत. कंपन्यांना मात्र रीत न दाखविता पैसे मिळतात.

तोपर्यंत विमेदाराने हिशेब लेखी मागावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. भरलेल्या वा मागितलेल्या हप्त्याविषयीचा वाद २०१७ च्या नियमांनुसार लोकपालाच्या कक्षेत स्पष्टपणे येतो. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी त्याची कार्यालये आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार करावयाची असते. मात्र कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते. तेव्हा ते पत्र पैसे भरण्याच्या दिवशीच लिहून त्याची पोच घेऊन ठेवावी.