ढगात ठेवलेली ट्रंक

आपली वस्तू आपल्या घरी असावी, एवढे सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावी लागावीत, असा काळ आला आहे. थोरल्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस टेप, मुलीचे बारसे, आजोबांचे अखेरचे कीर्तन, पदरमोड करून जमवलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी, असा संग्रह आता मध्यमवर्गात घरोघरी आहे. तो संगणकात उतरवला, की शहाणी मंडळी सल्ला देतात, 'क्लाऊडवर टाका आणि निर्धास्त व्हा.' माझे भांडण आहे ते या निर्धास्तपणाशी.

मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. पण क्लाऊड म्हणजे कुणा कंपनीच्या इमारतीतला संगणक, एवढे मला कळते. तेथे संग्रह ठेवणे म्हणजे घरची ट्रंक परक्याच्या माळ्यावर नेऊन ठेवणे. भाडे आपण भरायचे आणि किल्ली त्याच्या कमरेला!

माळ्याचा धनी दुष्ट असतो असे नव्हे. त्याचे नियम बदलतात. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. ॲमेझॉन ड्राइव्हने ३१ डिसेंबर २०२३ रोजी दुकानच आवरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्लेक्सने जर्मनीच्या हेट्झनर कंपनीकडे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांना आपले दार लावले. काहींनी नियम मोडले म्हणून तेथल्या सर्वांनाच बाहेर काढले. आणि डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती आतल्या ऐवजासकट पुसण्याचे धोरण अमलात आणले. आधी सूचना येते, हे खरे. पण खातेदारच वारला असेल, तर ती वाचणार कोण?

यावर विचारतात, 'घरची डिस्क बिघडत नाही काय? पूर येत नाही काय?' बिघडते आणि पूरही येतो. पण आग ढगालाही लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक संगणककेंद्र जळून गेले. ज्यांच्यापाशी दुसरी प्रत नव्हती, त्यांचे गेले ते गेलेच. तात्पर्य, रक्षण जागेने होत नाही, प्रतींनी होते.

मग घरी करायचे काय? एक जुना संगणक, दोन हार्ड डिस्क आणि २०१८ साली निघालेला जेलीफिन नावाचा मोफत प्रोग्रॅम. त्याला बाहेरचे खाते लागत नाही. घरच्या वायफायवर टीव्ही आणि मोबाईल त्यातून चित्रफिती दाखवतात. इंटरनेट गेले तरी अडत नाही. दुसरी डिस्क दर महिन्याला भरून गावी भावाकडे ठेवावी. वेळेचा मास्तरी हिशेबही मांडतो: एक टेराबाइटचा संग्रह सेकंदाला ४० मेगाबिट या वेगाने ढगात चढवायला सुमारे साडेपंचावन्न तास लागतात आणि परत उतरवताना त्याच वेगाने तेवढेच. डिस्क मात्र एस.टी.ने पिशवीतून जाते.

ज्याला हवी त्याने तिसरी प्रत कुलूपबंद करून ढगात खुशाल ठेवावी. पाहुणा म्हणून ढगाला माझी हरकत नाही. घरधनी म्हणून आहे.

अखेर प्रश्न वारसांचा आहे. परवलीचा शब्द आपल्याबरोबर गेला, की पोटची पोरे कंपनीच्या दारात उपरी ठरतात. आजोबांच्या कीर्तनासाठी त्यांनी कुणा अनोळखी माणसाला अर्ज करायचा! कपाटातल्या डिस्कसाठी कुणाची मनधरणी लागत नाही. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा एक काम करा. ढगातले सारे एकदा घरी उतरवून घ्या, डिस्कवर ठसठशीत अक्षरांत नाव घाला आणि ती कोठे ठेवली आहे, ते पोरांना सांगून ठेवा.