हूल

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी टोरांटोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. बारा वर्षांचा आहे, आइस हॉकी खेळतो. चेहरा पडलेला.

"मावशी, सहा मॅच झाल्या, एकही गोल नाही. कोच म्हणतात, तू कुठे मारणार ते तुझे डोळे आधीच सांगून टाकतात. गोलकीपरला फसवायला शीक. पण फसवणं म्हणजे चीटिंगच ना?"

माझी बहीण खोटं बोलण्याच्या बाबतीत फार कडक आहे, त्यामुळे त्याची अडचण खरी होती. मी म्हटलं, "अरे, याला फसवणूक नाही म्हणत. याला हूल देणं म्हणतात."

वडोदऱ्यात शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. पाठलाग करणाऱ्या खेळाडूनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही. म्हणून पळणारी एकीकडे झुकते आणि ती त्या बाजूला निघाली की दुसरीकडे सटकते. अशा हुलीनं मी कितीदा हात चोळत राहिले आहे! पण समोरचीला कुणी खोटारडी म्हटलं नाही. हूल खेळाच्या आतलीच आहे, आणि ती ओळखायची संधी मलाही होतीच.

त्या रात्री मी आइस हॉकीचे बरेच व्हिडिओ बघितले आणि चकित झाले. तिथेही तेच गणित! गोल फक्त 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच. गोलकीपर अंगावर मोठाले पॅड बांधून पुढे सरकतो आणि जवळजवळ सगळी जागा झाकतो. तो नुसता पक बघत नाही, तर मारणाऱ्याचे खांदे, डोळे आणि स्टिकचं पातंही वाचत असतो. पण एकदा तो गुडघ्यांवर बसून एका बाजूला घसरला, की त्याला लगेच परत येता येत नाही. तेवढ्यात गोल होतो. म्हणून चांगले खेळाडू पासकडे बघत शॉट मारतात, किंवा मारण्याआधी पक झटकन पायांजवळ ओढून कोन बदलतात.

याचं गाजलेलं उदाहरण 1994 च्या लिलेहॅमर ऑलिम्पिकचं. अंतिम सामना स्वीडन विरुद्ध कॅनडा, 2-2 अशी बरोबरी, मग पेनल्टी शॉट. 20 वर्षांचा पीटर फोर्सबर्ग गोलकीपर कोरी हर्शला एका बाजूला खेचत गेला. हर्श तिकडे सरकला, आणि फोर्सबर्गनं एकाच हातानं स्टिक मागे लांबवून पक दुसऱ्या बाजूनं आत ढकलला. पुढचा कॅनडाचा शॉट अडला आणि स्वीडनला आइस हॉकीतलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं. त्या गोलवर स्वीडननं टपाल तिकीटही काढलं. ही युक्तीसुद्धा फोर्सबर्गची स्वतःची नव्हती. त्याच्याच देशाच्या केंट निल्सननं ती 1989 मध्ये वापरली होती.

मी भाच्याला सांगितलं, "बघ, फोर्सबर्ग त्या बाजूनं खरंच गोल करू शकत होता, म्हणून हर्शला हलावं लागलं. ज्याचा सरळ शॉटच कच्चा, त्याच्या हुलीला कोण भुलणार? आधी सरळ शॉट पक्का कर."

तो जरा विचार करून म्हणाला, "आमच्यातला एक मुलगा धक्का न लागताच पडतो, समोरच्याला पेनल्टी मिळावी म्हणून. ते?"

"ती मात्र फसवणूक. तो प्रतिस्पर्ध्याला नाही, पंचाला फसवतोय." एनएचएलमध्ये अशा नाटकासाठी खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतात, हेही सांगितलं.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी कबड्डी खेळत असेल, कुणी फुटबॉल. हाच प्रश्न तुम्हालाही पडला असेल. समोरचा तुमच्याकडे बघून डाव ओळखू शकतो का, एवढंच स्वतःला विचारा.

परवा पुन्हा फोन आला. "मावशी, डावीकडे बघितलं आणि उजवीकडे मारला!"

"मग? गोल?"

"नाही गं, खांबाला लागला." आणि मग खुशीत म्हणाला, "पण गोलकीपर डावीकडे गेला होता!"