सर्वो आणि किलोचं भूत

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय माझा नेहमीचाच, रिमोटच्या गाड्या. तेव्हा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी (काकू, तुम्हीसुद्धा) खुशाल पुढच्या लेखाची वाट बघावी. पण ज्यांच्या घरात एखादं कार्टं किंवा चाळिशीतला बाप्या "मोठी गाडी" घ्यायच्या गोष्टी करतोय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

भांडण आहे किलोवाल्यांशी. नवखा माणूस विचारतो, १/५ स्केलच्या गाडीला सर्वो कुठला घेऊ? की लगेच चार जण ओरडतात, "साठ किलोचा टाक आणि विसरून जा!" गाडी पेट्रोलची की बॅटरीची, रिसीव्हरला वीज कुठून देतोस, हे कोणी विचारत नाही. भाजीबाजारात कांदे घ्यावेत तसे किलोवर सर्वो घ्यायचे!

घरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सर्वो म्हणजे एक छोटी डबी. आत मोटर, गिअर, दांडा किती फिरला ते मोजणारा सेन्सर आणि एक सर्किट. मी हातातलं चाक फिरवलं की हा सर्वो गाडीची पुढची चाकं तितकीच वळवतो. पेट्रोलच्या गाडीत आणखी एक सर्वो असतो, तो थ्रॉटल आणि ब्रेक सांभाळतो. आता "मोठी गाडी" म्हणजे केवढी? २०१५ मध्ये आलेली ट्रॅक्ससची एक्स-मॅक्स साडेआठ किलोच्या आसपास आहे. पेट्रोलवाल्या १/५ गाड्या साधारण दहा ते पंधरा किलोच्या. अशी गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. कोणाच्या नडगीवर आली तर हाड मोडेल. याला खेळणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता ते किलो. सर्वोचा "४० किलो" म्हणजे ४० किलो-सेंटिमीटर. दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर तो ४० किलोइतका जोर लावतो. पण आपला हॉर्न अडीच सेंटिमीटरचा असला तर टोकाला उरले १६ किलो. शिवाय हा आकडा सर्वो पूर्ण अडकून उभा असतानाचा असतो, आणि शेजारी छापलेला वेग (६० अंश फिरायला किती सेकंद) बिनओझ्याचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. जाहिरात मात्र अशी छापतात की जणू पठ्ठ्या ४० किलो उचलून पळतोय.

बरं, छापलेले आकडे तरी खरे का? ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. किलोला सेकंदांनी भागा आणि आलेल्या उत्तराला दहाने भागा. साधारण तितके वॅट तो सर्वो अडकला की बॅटरीतून ओढणार, तेही गिअरमध्ये काहीच वाया जात नाही असं धरून. उदाहरणार्थ ४० किलो आणि ०.१५ सेकंद: ४० भागिले ०.१५ म्हणजे सुमारे २६७, म्हणजेच २७ वॅट. ७.४ व्होल्टला हे झाले ३.६ अँपिअर. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. आता तोच हिशेब ६० किलो आणि ०.१० सेकंदवाल्या स्वस्त सर्वोला लावा. ६० वॅट, म्हणजे आठ अँपिअरच्या वर. आणि त्याच कागदावर खाली "अडकल्यावर ३ अँपिअर" असं छापलेलं असेल तर? मग उरलेले अँपिअर काय आकाशातून पडतात? तीन आकड्यांपैकी निदान एक तरी थाप आहे. (हा हिशेब साध्या ब्रशवाल्या मोटरचा. ब्रशलेस सर्वोत करंट आवरणारं सर्किट असेल तर तो जसाच्या तसा लागू होत नाही.)

आता मुद्द्यावर येतो. समजा, ६० किलो खरेच आहेत. तर मग ते जास्त धोक्याचे! कारण हे आठ अँपिअर द्यायचे कोणी? पेट्रोलच्या गाडीत रिसीव्हर आणि दोन्ही सर्वो एकाच छोट्या बॅटरीवर चालतात. तिची बारीक वायर, तो स्विच, ते कनेक्टर. या सगळ्यांचा रोध मिळून ०.२ ओहम धरला तरी आठ अँपिअरला १.६ व्होल्ट वाटेतच गायब. बॅटरी थकलेली असेल तर आणखी घट. चाक दगडात अडकलं, सर्वोने जोर लावला, व्होल्टेज कोसळलं आणि रिसीव्हर क्षणभर झोपी गेला. त्या क्षणी गाडी कोणाचीच नसते. ज्या सर्वोच्या भरवशावर आपण निर्धास्त झालो, त्यानेच ताबा घालवला. आणि कुंपणाजवळ पोरं उभी असतात हो.

किलोवाले म्हणतात, ताकद हाताशी जास्त असलेली बरी, सर्वो दमत नाही आणि टिकतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. छोट्या गाडीतला दहा-बारा किलोचा सर्वो इथे लावणं हा मूर्खपणाच. जाड टायर आणि दहा-पंधरा किलोची गाडी म्हटल्यावर स्टिअरिंगला ३०-४० खरे किलो हवेतच. पण त्या ताकदीला पुरेल अशी वीज आधी हवी.

आणि त्या ताकदीला पेलेल असा सर्वो सेव्हरही हवा. चाकाला बसलेला धक्का सर्वोच्या गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये ही स्प्रिंग असते. ती मऊ असेल तर ठराविक जोराला ती दबणारच, मग मागे ४० किलो असोत की ६०, चाक तितकंच वळणार. वरचे किलो स्प्रिंग गिळते. उलट ती फार आवळली तर प्रत्येक धक्का थेट गिअरच्या दातांवर. म्हणजे पैसे सर्वोवर घालवायचे आणि शेवटी निकाल लावणार कोण, तर स्प्रिंग!

सगळ्यात राग येतो तो ब्रेकच्या सर्वोचा विषय निघाला की. स्टिअरिंगला महागातला सर्वो आणि ब्रेकला ड्रॉवरमध्ये पडलेला कुठलातरी. अरे बाबांनो, गाडी थांबवणार तो! त्याला किलो कमी चालतील, पण गिअर धातूचे हवेत आणि भरवसा पक्का हवा. "फेलसेफ लावलाय" हे उत्तर पुरेसं नाही. फेलसेफ सिग्नल गेला तर ब्रेक लावतो, पण वीजच गेली तर सर्वो आहे तिथेच बसतो. म्हणून थ्रॉटल मागे खेचणारी स्प्रिंग आणि इंजिन बंद करणारा वेगळा किल स्विच, दोन्ही हवेत.

तेव्हा खरेदी उलट्या टोकाने करा. आधी बॅटरी. दोन सेलची लिपो पूर्ण चार्ज झाली की ८.४ व्होल्ट देते. हे सर्वोला आणि रिसीव्हरला चालतात का ते बघा, नाहीतर मध्ये दमदार रेग्युलेटर घाला. मग जाड वायर आणि चांगला स्विच. मग सेव्हर. मग माप, कारण मोठा सर्वो साध्या मापाच्या खाचेत बसत नाही. मग दांड्याचे दाते मोजा. २३, २४, २५ आणि काही मोठ्या सर्वोंना १५ असे प्रकार आहेत, चुकीचा हॉर्न बसणारच नाही. किलो सगळ्यात शेवटी, आणि तेही वरचं गणित करून.

एवढं करायचा कंटाळा असेल तर छोटी गाडी घ्या. तीही मजेची असते, आणि कोणाच्या पायावर गेली तर "आई गं" वर भागतं. असो. किलोवाल्यांनी उत्तर जरूर द्यावं, फक्त येताना आपल्या सर्वोचा अँपिअरचा आकडा घेऊन यावं.