चीक घरात, रेडकू उपाशी

परभणी : म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक देण्याची रीत मराठवाड्यात अजून टिकून आहे. शहरात त्याच चिकाचा खरवस चढ्या भावाने विकला जातो. मात्र ज्याच्यासाठी तो चीक असतो, त्या रेडकाच्या वाट्याला तो किती येतो? रेडकांचे पचन सुधारण्यासाठी उपयुक्त जिवाणू व यीस्ट असलेली पूरके आता बाजारात आली आहेत. त्यांचे मोल याच प्रश्नापासून तपासावे लागते.

पूरकांमागील विचार योग्यच आहे. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आतड्यात आधी रुजले, तर हगवण घडविणाऱ्या ई-कोलायसारख्या जिवाणूंना जागा कमी उरते. निव्वळ वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली. भारतानेही २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनचा वापर थांबविला. पर्यायाची गरज त्यामुळे वाढली.

परंतु रेडकू जन्मते ते प्रतिपिंडांविना. म्हशीच्या पोटात असताना ती त्याला मिळत नाहीत. चिकातूनच मिळतात आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत साधारण २४ तासांत संपते. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवशी सुमारे ३ लिटर चीक हवा, आणि त्यातला पहिला घोट जन्मानंतर तासा-दोन तासांत. प्रत्यक्षात वार पडेपर्यंत रेडकाला पाजू नये, हा समज अनेक गोठ्यांत कायम आहे. वार पडायला सात-आठ तास लागले, तर मोलाचा काळ निघून जातो. ही उणीव पुडीतले जिवाणू भरून काढू शकत नाहीत. त्यात गोलकृमींची भर. त्यांच्या अळ्या म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात. पंधरवड्याच्या आत जंतनाशक न देता पूरकांवर खर्च करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

खरी अडचण अर्थकारणाची आहे. रेडकाने प्यायलेला प्रत्येक लिटर डेअरीला न गेलेला असतो. वगार उद्याची म्हैस म्हणून थोडीफार जपली जाते. नर रेडकाला, ट्रॅक्टर आल्यापासून, कोणी वाली नाही. पान्हा फुटण्यापुरते त्याला सडांशी लावायचे आणि ओढून बाजूला बांधायचे. ते दगावले, तर कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे ठेवण्याची किंवा ऑक्सिटोसिन टोचण्याची पाळी येते. दूध वाचविण्याचा हा हिशेब अनेकदा दुधावरच उलटतो.

गायींच्या वासरांवरील प्रयोगांचे एक एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणू पूरकांनी हगवण कमी झाल्याचे त्यात दिसले. पण उपगटांच्या तपासणीत हा लाभ दुधाच्या पर्यायावर नव्हे, तर प्रत्यक्ष दुधावर वाढविलेल्या वासरांमध्ये आढळला. अर्धपोटी रेडकाबाबत त्यातून थेट निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ही पूरके जिवंत असतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या खोलीतील डब्यात त्यातले किती जिवाणू उरतील, याची चौकशी विकत घेणाऱ्याने जरूर करावी.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. येथील उन्हात आणि येथील गोठ्यांत या पूरकांची कसोटी घेण्यास त्याहून योग्य जागा नाही. विदर्भ व मराठवाड्याच्या १९ जिल्ह्यांसाठीच्या दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली. चर्चा मात्र दुभत्या जनावरांभोवतीच फिरते. रेडकाच्या पहिल्या तीन महिन्यांच्या दुधाची किंमत कोणी सोसायची, हे कोणीच बोलत नाही.