मुकं जनावर, बोलका संशय

"काल संध्याकाळी तर बरा होता हो! भाकरी खाल्ली, पोरांबरोबर अंगणभर उंडारला, आणि सकाळी बघते तर..."

हे वाक्य आपल्यापैकी कित्येक जणींनी ऐकलं असेल, काहींच्या तोंडून निघालंही असेल. म्हातारं कुत्रं जातं तेव्हा मनाची थोडीफार तयारी झालेली असते. त्याची नजर गेलेली असते, पाय ओढत चाललेलं असतं. पण आठ-दहा महिन्यांचं, आत्ता कुठे अंगात भरलेलं, अनोळखी माणसावर नव्यानेच भुंकायला शिकलेलं पोर एका रात्रीत जातं, तेव्हा घर सुन्न होतं. ना आजार, ना जखम, ना कसलं कारण. मागे राहतो तो एकच प्रश्न, "असं झालं तरी काय?"

मैत्रिणींनो, अशा वेळी बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. दुःखाला आपण गप्प बसवतो आणि संशयाला मोकाट सोडतो. व्हायला हवं ते नेमकं उलट.

आधी दुःखाचं बोलू. घरात कुत्रं कुणीही हौसेने आणो, त्याला सांभाळते ती घरातली बाईच. ताकात भाकरी कुस्करून तीच घालते, पावसात पडवीत गोणपाटही तीच अंथरते. माणसं कामाला आणि मुलं शाळेला गेली की दिवसभर तिच्या मागेमागे फिरणारा जीव तोच. आमच्या रानशेतसारख्या गावात तर विचारूच नका. पाड्यांवरची घरं एकमेकांपासून लांब, मागे शेत नाहीतर रान. रात्री कुत्र्याचा आवाज हीच घराची राखण. आमच्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वारली चित्रांत झोपडी, शेत, झाड, कोंबड्या यांच्या सोबतीने कुत्रंही सहज येतं. ते त्या जगण्यातलंच असतं ना!

एवढं असूनही ते गेल्यावर रडायची मात्र चोरी. "कुत्र्याचं काय एवढं घेऊन बसलीस? दुसरं आणू." हे बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणारीच्या काळजाला ते लागतं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णेच्या काठी, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी कथा सांगतात. अठराव्या शतकातल्या एका कुत्र्याची आठवण लोकांनी आजवर जपली, मग आपल्या अंगणातल्या मोत्यासाठी दोन दिवस डोळ्यांना पदर लावला तर त्यात लाजायचं काय?

मुलांचं तर त्याहून नाजूक. "बाबांनी त्याला मामाच्या गावाला सोडलं" असं आपण ठोकून देतो. पोर महिनाभर वाट बघतं, आणि एक दिवस शेजारच्या मुलाकडून त्याला खरं कळतं. मग कुत्रंही गेलेलं असतं आणि आईवरचा विश्वासही. त्यापेक्षा जवळ घेऊन सरळ सांगावं, "तो मेला, आता परत येणार नाही. का मेला ते आपण डॉक्टरांना विचारतोय." आणखी एक. लहान मुलं मनातल्या मनात भलतंच जोडून घेतात. "मी काल त्याला काठी मारली, म्हणून तो मेला." ही गोष्ट मूल आपणहून बोलत नाही. विचारून बघावं लागतं, आणि तसं नाही हे समजावावं लागतं.

आता संशयाकडे वळू. माझ्या माहितीतला एक प्रसंग सांगते, नावं सांगत नाही. एका घरचं नऊ महिन्यांचं कुत्रं सकाळी अंगणात मरून पडलेलं दिसलं. चार दिवसांपूर्वी त्याने शेजारणीची कोंबडी धरली होती आणि ती रागाने बोलली होती. झालं! "तिनेच काहीतरी खायला घातलं." दुपार व्हायच्या आत कुत्रं ओढ्याकडे नेऊन टाकलंसुद्धा. कुणी तपासलं नाही, कुणी विचारलं नाही. पण संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत दोघी समोरासमोर आल्या आणि बैठक मोडली. कुत्रं कशाने गेलं ते आता कधीच कळणार नाही. त्या दोघी मात्र अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

इथवर थांबलं तरी नशीब म्हणायचं. खेड्यापाड्यांत कारण न कळलेला मृत्यू, मग तो गाईचा असो, कोंबड्यांचा असो नाहीतर कुत्र्याचा, भगताच्या दारापर्यंत जातो. "नजर लागली", "करणी केली" अशी कुजबुज सुरू होते. बोट जातं ते बहुतेक वेळा एकट्या बाईकडे. ती विधवा असते, म्हातारी असते, जिला मूलबाळ नाही, जिच्या पाठीशी कुणी पुरुष नाही. आमच्या भागात त्यासाठी 'भुताळी' हा शब्द आहे. तो एकदा चिकटला की बाईचं जगणं मुश्कील होतं. म्हणून कुत्र्याच्या मृत्यूचं कारण शोधणं ही श्रीमंतांची चैन आहे असं मला वाटत नाही. खरं कारण हाती नसलं की त्या रिकाम्या जागी कुणाचं तरी नाव बसतं, आणि ते नाव बहुधा आपल्यातल्याच एखादीचं असतं.

महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, पाठोपाठ वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. कुणी करणी करतं, कुणामुळे जनावरं मरतात असं सांगून एखाद्या माणसाला छळणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणींना माहीत नसते. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं, हाही गुन्हाच आहे.

मग धडधाकट कुत्रं एका रात्रीत जाऊ शकतं का? जाऊ शकतं, आणि त्यात शेजारणीचा काही हात असावाच लागतो असं नाही.

पहिलं कारण साप. मण्यार रात्री फिरते. तिच्या दाताची खूण दिसेल न दिसेल आणि चावल्यावर फारसं दुखतही नाही. हळूहळू अंग लुळं पडतं आणि श्वास थांबतो. नाग, घोणस, फुरसं यांना हुंगायला गेलेल्या कुत्र्याला बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर चावा बसतो, आणि केसांमुळे तो दिसत नाही.

दुसरं कारण विष, पण ते कुणी मुद्दाम घातलेलंच असतं असं नाही. उंदरांसाठी पिठाच्या गोळीत काळी पूड घालून आपणच कोनाड्यात ठेवतो. ती झिंक फॉस्फाइडची असते. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि काही तासांत खेळ संपतो. उंदीर मारायच्या काही वड्या वेगळ्या असतात. त्या खाल्ल्यावर कुत्रं तीन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसतं आणि मग आतल्या आत रक्तस्राव होऊन जातं. म्हणजे 'काल संध्याकाळी बरा होता' हे खरं, पण विष पोटात गेलेलं असतं त्याच्याही आधी. चिकूच्या वाडीत, भाताच्या किंवा भाजीच्या शेतात फवारणी झाली असेल, औषधाचा डबा उघडा राहिला असेल, तर तेही कारण होऊ शकतं. अशा वेळी तोंडातून लाळ, अंगाला थरथर, झटके अशी लक्षणं रात्रीत येऊन जातात आणि आपण झोपेत असतो.

तिसरं कारण पार्व्हो. हा रोग १९७८च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. अगदी लहान वयात लागण झाली तर तो हृदयावर घाला घालतो आणि मग लक्षणं न दिसताही पिल्लू कोसळतं. याचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून गेलेल्या पिल्लाच्या जागी आठवड्याभरात दुसरं आणलं तर तेही जाऊ शकतं. लोक म्हणतात, "या घराला कुत्रं लाभत नाही." घराचा दोष काही नसतो हो, लस दिलेली नसते! सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस आणि मग साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशा पुढच्या, एवढं केलं तरी पुष्कळ पिल्लं वाचतील.

याशिवाय गोचिडांपासून होणारे आजार आहेत, जन्मापासूनच हृदयात असलेला दोष आहे. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातला दमट उकाडाही आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. पत्र्याखाली दुपारभर पाण्याविना बांधलेलं तरणंबांड कुत्रं उष्माघाताने जातं.

आणि सर्वांत महत्त्वाचं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, ते रेबीज. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावून येणारं, चावत सुटणारं, अशीच आपली समजूत असते. पण काही कुत्री पिसाळत नाहीत, ती सुस्त होतात. कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, गिळता येत नाही आणि काही दिवसांत मरतात. पिल्लांनाही रेबीज होतो. म्हणून कारण न कळता कुत्रं मेलं, तर पहिला प्रश्न हा विचारायचा की गेल्या काही दिवसांत त्याने घरात कुणाला चावा घेतला का, नखाने ओरबाडलं का, कुणाच्या जखमेवर चाटलं का? खेळताना लागलेला दात मुलं सांगत नाहीत, त्यांना प्रेमाने विचारा. उत्तर 'हो' असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. ती दंडात देतात तेव्हा पहिल्या दिवसानंतर ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी, कातडीत देतात तेव्हा ३, ७ आणि २८व्या दिवशी परत जावं लागतं. एकही दिवस चुकवायचा नाही. हळद-चुना लावत बसायचं नाही. कारण रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की वाचणं जवळजवळ अशक्य असतं. काही सुया आणि एक जीव, एवढा साधा हिशेब आहे.

मग कुत्रं गेल्या सकाळी करायचं काय? त्याला उघड्या हातांनी उचलू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि लाळेला, उलटीला हात लावू नका. आसपास बघा. उलटी पडली आहे का, उंदराच्या औषधाची पुडी फाटली आहे का, काल कुठे फवारणी झाली होती का. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून सगळं सांगा आणि शवविच्छेदन होईल का ते विचारा. कुणाला चावलं असेल तर तेही आधीच सांगा. आपल्याकडच्या हवेत शरीर लवकर खराब होतं, म्हणून जायचं तर दुपारची वाट बघू नका. ते सावलीत, बर्फ मिळाला तर बर्फात ठेवा. पुरायचं असेल तर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खोल खड्डा काढून. ओढ्यात टाकू नका, तेच पाणी खाली कुणीतरी भरत असतं.

आणि कुणी मुद्दाम विष घातलं अशी सबळ शंका असेल तर? तर ती शंका पाणवठ्यावर बोलायची नाही, पोलीस ठाण्यात लिहून द्यायची. जनावराला मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीला पुरावा लागतो, तपास होतो, समोरच्यालाही बोलायची संधी मिळते. कुजबुजीत यातलं काहीच नसतं.

एवढं सगळं करूनही कधीकधी उत्तर मिळत नाही. शवविच्छेदनातही काही सापडत नाही, किंवा वेळच निघून गेलेली असते. मग रात्री मन घोळत राहतं, "दार लावून घेतलं असतं तर... बाहेर सोडलंच नसतं तर..." ज्या जीवाला तुम्ही रोज खाऊ घातलं त्याच्या मरणाचा गुन्हेगार तुम्ही नाही. 'कळलं नाही' हेसुद्धा एक खरं उत्तर आहे. ते पचायला जड जातं. पण खोट्या उत्तरापेक्षा ते कितीतरी बरं, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा बळी जात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गल्लीत, पाड्यावर कुणाचं कुत्रं असं अचानक गेलं तर दोन कामं करा. जिच्या घरचं गेलं तिच्याजवळ जाऊन घटकाभर बसा, तिला बोलू द्या, रडू द्या. आणि तिथे कुणी एखादीचं नाव घ्यायला लागलं, तर शांतपणे पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "डॉक्टरांना दाखवलं का?" एवढ्या एका प्रश्नाने कुणाच्या तरी पोराचा जीव वाचेल, आणि कुणा एकटीची अब्रूही.