दोन वर्षे अंड्यात

बेळगावजवळच्या एका वाचकांनी गेल्या महिन्यात एक फोटो पाठवला. कुंपणाच्या बाभळीवर हिरवागार घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, शेपटीची गुंडाळी करून बसला आहे आणि खाली चार माणसे काठ्या घेऊन उभी. कारण काय, तर तो विषारी असतो म्हणे! वाचकांनी त्यांना थोपवले, आणि मला विचारले, "एवढा मोठा असतो का हो हा? याहून मोठा कुठे आहे?"

घोयरा शेपटीसकट जेमतेम सव्वा फूट. विष त्याला अजिबात नाही. याहून मोठा पाहायचा तर मादागास्करला जावे लागेल. जगातल्या शॅमेलिऑनच्या जवळजवळ निम्म्या जाती त्या एका बेटावर आहेत. बेटाच्या पूर्व आणि उत्तर भागातल्या पर्जन्यवनांत पार्सनचा शॅमेलिऑन राहतो. जेम्स पार्सन्स नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरवरून हे नाव पडले. लांबी सव्वादोन फुटांपर्यंत, मोठा नर अर्ध्या किलोहून जड. लांबीत मादागास्करचाच आणखी एक भाऊबंद त्याच्या तोडीचा आहे, पण अंगापिंडाने भारी हाच. नराच्या नाकाडावर दोन बोथट शिंगे, डोक्यामागे शिरस्त्राणासारखा उंचवटा, अंग निळसर हिरवे, आणि कित्येकांच्या डोळ्यांच्या पापण्या चक्क नारिंगी. मादीला शिंगे नसतात.

बाकी साज सगळ्या शॅमेलिऑनांचा असतो तोच. दोन डोळे दोन दिशांना फिरतात, पायाची बोटे दोन गटांत जुळून चिमट्यासारखी फांदी धरतात, शेपूट पाचव्या हाताचे काम करते. जीभ अंगाच्या लांबीएवढी सुटते आणि तिच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा चारशेपट घट्ट असते. किडा निसटणार कसा? मात्र अंगाच्या मानाने पाहिले तर जिभेच्या खेळात अंगठ्याएवढे चिमुकले शॅमेलिऑन या थोराड मंडळींना हरवतात.

आणि रंग? "सरड्यासारखे रंग बदलतो" हे आपण राजकारण्यांना म्हणतो, तेव्हा त्यात लबाडी अभिप्रेत असते. शॅमेलिऑन मागच्या पानाफांदीशी जुळवून घ्यायला रंग बदलतो ही समजूत बरीचशी चुकीची आहे. कातडीखालच्या पेशींत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. ती सैल झाली की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, म्हणून रंग बदलतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 साली हे मादागास्करच्याच दुसऱ्या एका जातीत दाखवून दिले. राग, भीती, जोडीदाराची ओढ, ऊन आणि गारवा ही त्यामागची मुख्य कारणे. म्हणजे लपवाछपवी कमी, मनातले अंगावर दाखवणेच जास्त. राजकारण्यांना ही उपमा शोभत नाही, असे माझे मत.

पण मला या प्राण्याचे खरे नवल वाटते ते त्याच्या संथपणाचे. मादी जमिनीत बीळ उकरून वीस ते पन्नास अंडी घालते, माती लोटून बीळ बुजवते आणि निघून जाते. पुढे काय? पुढे काहीच नाही! अंडी तशीच राहतात. कधी सव्वा वर्ष, कधी पुरी दोन वर्षे. सरपटणाऱ्या प्राण्यांत इतका वेळ अंड्यात काढणारे फार थोडे. मादीही घाई करत नाही, साधारण दोन वर्षांतून एकदाच अंडी घालते. पिल्लाला वयात यायलाच तीन ते पाच वर्षे लागतात.

त्याच बेटाच्या कोरड्या नैर्ऋत्य भागात लॅबोर्डचा शॅमेलिऑन आहे. तो आठ-नऊ महिने अंड्यात असतो आणि बाहेरचे आयुष्य चार-पाच महिन्यांत उरकतो. पार्सनचा मात्र निदान आठ-नऊ वर्षे जगतो. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावीत तशी हाडांतली वर्तुळे मोजून हे वय काढले आहे.

आता हिशेब करा. एका मादीने 2024 च्या अखेरीस अंडी घातली, तर पिल्ले बाहेर येणार 2026 मध्ये. त्यातल्या एखादीने स्वतःची अंडी घालायची ती 2030 च्या सुमारास, आणि नातवंडे दिसायची 2032 उजाडल्यावर. नव्वदीच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांसाठी हे प्राणी मोठ्या संख्येने पकडले जात होते. 1995 मध्ये ही निर्यात थांबवली गेली. तरी एक मोठी मादी उचलली की किती वर्षांचा खड्डा पडतो, ते वरच्या हिशेबावरून कळेल.

त्याहून मोठे संकट जंगलतोडीचे. तिथे भातासाठी रान तोडून जाळण्याची जुनी पद्धत आहे, तिला 'तावी' म्हणतात. गोव्याच्या वाचकांना कुमेरी आठवेल, प्रकार तोच. पोटासाठी शेती करणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे, मी ठेवणार नाही. पण आग एका दुपारची आणि अंडे दोन वर्षांचे, हा मेळ बसत नाही. प्रौढ प्राणीही पळून वाचेल असा नव्हे. त्याची चाल माहीत आहे ना? एक पाय उचलायचा, वाऱ्याने पान हलावे तसे मागेपुढे डुलायचे, मग तो टेकायचा.

आपला घोयराही असाच चालतो, आणि विणीच्या दिवसांत झाड सोडून खाली उतरला की रस्त्यावर चाकाखाली येतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण चाकाला कायदा कळत नाही. रस्त्यात दिसला तर गाडी बाजूला घेऊन थांबा, मागच्यांना हात दाखवा. पाच मिनिटे लागतील. हॉर्न मात्र वाजवू नका; त्याला बाहेरून कानच नाहीत, ऐकू फार कमी येते.